पाण्यानंतरचे दिवस : मराठी ख्रिस्ती जीवनातील बाप्तिस्मा आणि साक्ष

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचा विषय निघाला की काही साले तोंडपाठ म्हटल्यासारखी सांगितली जातात. १८५४ साली बेळगावात बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा झाला. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंचा झाला आणि १८९५ साली मुंबईत नारायण वामन टिळकांचा. या तीन दिवसांवरून त्या त्या काळात वर्तमानपत्रांतून रणे माजली, घरे दुभंगली, मित्र तुटले. पुढच्या अभ्यासकांनीही ‘यांनी धर्म का बदलला?’ हाच प्रश्न पुन्हापुन्हा उगाळला. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात, गल्लीत, ताटात काय बदलले, हे विचारणारे मात्र थोडेच निघाले.

त्या दुसऱ्या दिवसाकडे वाचकाला नेण्यासाठी ही प्रस्तावना आहे. चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा संस्कार आहे, तशी ती एक जबाबदारीही आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू शिष्यांना जी आज्ञा देतो तिच्यात शिष्य करणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही तिन्ही कामे एकत्र येतात. ज्याने पाणी घेतले त्यानेच पुढे सांगायचे, असा त्यातला क्रम. मराठी मुलखात हे सांगण्याचे काम कोणी केले, कुठे केले आणि काय किंमत मोजून केले, हे तपासणे हा आपल्या अभ्यासाचा विषय. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मिशनऱ्यांनी छापखाने, शाळा, दवाखाने उभे केले हे खरेच. पण विश्वास माणसामाणसांत पोचवला तो मुख्यतः नातलगांनी, खेड्यातल्या मास्तरांनी, कीर्तनकारांनी, बायबल-बायांनी आणि शेजारणींनी. म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदवहीइतकेच स्वयंपाकघर आणि भजनाची बैठक हेही या क्षेत्राचे दप्तर मानले पाहिजे.

आधी संस्काराविषयी थोडे. योहानाने यार्देन नदीत दिलेला बाप्तिस्मा हा पश्चात्तापाचा होता. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याला वेगळी खोली दिली: पाण्यात उतरणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे आणि वर येणे म्हणजे नव्या जीवनात उठणे. ‘दिदाखे’ या अगदी जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत व्यवहारी सूचना आहेत. वाहते पाणी असेल तर उत्तम. नसेल तर दुसरे चालेल. तेही पुरेसे नसेल तर मस्तकावर तीनदा ओतावे. आणि देणाऱ्याने व घेणाऱ्याने आधी उपास करावा. पुढच्या शतकांत उमेदवाराची तयारी काही ठिकाणी तीन वर्षांपर्यंत चाले. त्या काळात त्याला काय पाठ येते यापेक्षा तो वागतो कसा, विधवांची विचारपूस करतो का, आजाऱ्यांकडे जातो का, हे पाहिले जाई. संस्कार आणि रोजचे वर्तन यांची गाठ इतकी जुनी आहे.

त्यानंतरचा मोठा वाद बाळांचा. कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट या परंपरांत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो. मुलाच्या वतीने आईवडील आणि धर्मपिता-धर्ममाता विश्वास कबूल करतात. १५२५ साली झुरिकमध्ये काही मंडळींनी हे नाकारले आणि जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने कबुली देऊनच पाणी घ्यावे असा आग्रह धरला. त्या आग्रहापायी त्यांच्यातल्या काहींना बुडवून मारण्यात आले. आज महाराष्ट्रात दोन्ही रीती शेजारीशेजारी नांदतात. वसईच्या देवळात बाळाच्या डोक्यावर पाणी ओतले जाते, तर स्वतंत्र मंडळ्यांतले लोक नदीत, तलावात किंवा प्रार्थनास्थळाच्या आवारातल्या सिमेंटच्या हौदात पुरे बुडवून बाप्तिस्मा घेतात आणि त्याआधी उभे राहून आपली ‘साक्ष’ सांगतात. पूर्वी आपण कसे होतो, काय घडले, आता कसे आहोत, असा तिचा साचा असतो. हा साचा कसा घडला, हाच एक चांगला प्रबंधविषय होईल. या दोन रीतींचा समेट घालण्याचा भारतातला एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि न देणारे असे दोन्ही प्रकारचे पंथ एका छताखाली आले आणि दोन्ही रीती ग्राह्य धरल्या गेल्या.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. इथली सुरुवात सरळ नाही आणि ती सरळ करून सांगूही नये. सोळाव्या शतकात गोवा आणि वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्या काळातल्या सामुदायिक बाप्तिस्म्यांमागे सत्तेचा दाब, सवलतींचे आमिष आणि देवळांचा विध्वंस होता. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि ते १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड वगळता, चालले. हे सर्व लेखी पुराव्यानिशी सिद्ध आहे. अभ्यासकाने त्यावर पांघरूण घालू नये. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ साली ते राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ते का लिहिले याचे कारण ग्रंथातच दिले आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मणांनी तक्रार मांडली की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग वाचा-ऐकायला आमच्या हाती दुसरे काही द्याल की नाही? दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे त्या तक्रारीला दिलेले उत्तर. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या या आद्य महाग्रंथाचा जन्म बाप्तिस्म्यानंतरच्या गरजेतून झाला, हे विसरता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, पाठोपाठ स्कॉटिश आणि अँग्लिकन आले. ब्रिटिश राज्यात सक्तीने बाप्तिस्मा देणे शक्य नव्हते. वाद आता न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत होऊ लागले. १८३९ साली जॉन विल्सन यांनी मुंबईत धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि विल्सन यांच्या शाळेतून मुले भराभर काढून घेण्यात आली. चार वर्षांनी नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले, पण खरा तंटा त्यानंतर उभा राहिला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. तरी तो मिशनऱ्यांकडे राहिला-जेवला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे अशी बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली आणि सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली.

हे प्रकरण नीट पाहण्यासारखे आहे. चर्चच्या लेखी सीमारेषा बाप्तिस्म्याच्या पाण्याशी होती, तर जातीच्या लेखी ती पिण्याच्या पाण्याशी आणि अन्नाशी होती. श्रीपतने पहिली रेषा ओलांडली नव्हती, दुसरी ओलांडली होती, आणि त्याच्या आप्तांना दुसरीच मोठी वाटत होती. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक मराठी धर्मांतरकथा या दोन रेषांच्या मधल्या जागेत घडतात. कायद्यालाही त्या जागेची दखल घ्यावी लागली. १८५० च्या कायद्याने धर्म किंवा जात सोडणाऱ्याचा वारसाहक्क राखला. १८६६ च्या कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या माणसाशी जोडीदाराने संसार करण्यास नकार दिला तर विवाह मोडण्याची वाट करून दिली. ज्यांना या क्षेत्रात कायद्याच्या बाजूने शिरायचे आहे त्यांनी या दोन कायद्यांखालचे खटले वाचावेत. प्रवचनांच्या संग्रहात न सापडणारा संसार तिथे सापडतो.

त्या मधल्या जागेचे सर्वांत जिवंत वर्णन लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त केले आहे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षे नवराबायको वेगळे राहिले. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण सोवळे-ओवळे, वेगळा स्वयंपाक आणि वेगळे पाणी घेऊनच. टिळकांनी त्यांना वाद घालून जिंकले नाही. नवऱ्याच्या घरी येणारीजाणारी माणसे, त्यांच्याशी त्याचे वागणे, आजारपण, उसनवारी, भांडणे, समेट हे सगळे त्या पाहत होत्या. एके दिवशी त्यांनी स्वतःशीच हिशेब मांडला की जात माणसांनी केली असेल तर ती पाळायची कशाला. आणि मग त्यांनी प्रथम कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. मिशनच्या अहवालात अशा घटनेची एक ओळ होते. लक्ष्मीबाईंनी त्या ओळीमागची पाच वर्षे विनोदाने, कोणालाही देवमाणूस न करता लिहून ठेवली. साक्ष म्हणजे काय हे कळण्यासाठी याहून चांगले मराठी पुस्तक मला माहीत नाही.

रमाबाईंची गोष्ट उलट क्रमाने घडली. वाँटेजच्या मठात लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतर त्यांचे मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी जे पत्रयुद्ध चालले ते थक्क करणारे आहे. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून ते अंडे घातलेले पदार्थ खावेत की नाही इथपर्यंत त्यात सगळे येते. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही रमाबाई विचारतात. जेराल्डीन यांना यात जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंचे म्हणणे असे की ख्रिस्त स्वीकारला म्हणून इंग्रज व्हायचा करार मी केलेला नाही. पुढे त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहिले की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटला तो आठ वर्षांनी, १८९१ साली. लक्ष्मीबाईंचे अंतःकरण आधी वळले आणि पाणी नंतर आले. रमाबाईंचे पाणी आधी झाले. एकच साचा दोघींना लावू पाहणारा अभ्यासक दोघींनाही चुकतो.

रमाबाईंच्या निमित्ताने या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न समोर येतो. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि ते लवकरच पुण्याला नेले. बहुतांश ब्राह्मण विधवांसाठी असलेल्या या संस्थेत धर्म शिकवला जाणार नाही, असे ठरले होते. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामा दिला. ‘केसरी’ने तर आधीपासूनच तोफ डागली होती. आता विचार करा. दार उघडे ठेवणे म्हणजे प्रचार की केवळ आपला धर्म उघडपणे पाळणे? रमाबाईंचे म्हणणे होते की इतर मुलींना त्यांच्या पूजाअर्चेची मोकळीक आहे, तशीच ती मलाही आहे. विरोधकांचे म्हणणे होते की ज्या मुली अन्न-वस्त्र-निवाऱ्यासाठी तुमच्यावर अवलंबून आहेत त्यांच्यासमोर तुमचे दार कधीच नुसते दार नसते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. रोजच्या जगण्यातून दिलेली साक्ष कुठे संपते आणि आश्रयदात्याचे वजन कुठे सुरू होते, ही रेषा प्रत्येक प्रसंगी नव्याने शोधावी लागते. आणि ती शोधताना त्या मुलींना काय वाटत होते हे विचारायचे राहून जाते. त्यांचे लिखाण, त्यांची पुढची आयुष्ये यांचा माग काढणे हे फार मोठे उरलेले काम आहे.

आतापर्यंत आलेली नावे बहुतेक शहरी आणि वरच्या जातींची आहेत, कारण लिहिणारी माणसे ती होती. संख्येने पाहिले तर नगर, औरंगाबाद, जालना भागातला ख्रिस्ती समाज प्रामुख्याने महार आणि मांग कुटुंबांतून आला. तिथे एकट्या माणसाच्या मानसिक घालमेलीपेक्षा भावकीचा निर्णय मोठा होता. एका गावातला माणूस ख्रिस्ती झाला की वार्ता सासुरवाडीला, मामाच्या गावाला, बाजाराच्या दिवशी शेजारच्या वस्तीत पोचे. मिशनऱ्याची गाडी बहुधा त्यानंतर येई. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा मागणारे वाढले, तेव्हा मिशनऱ्यांमध्येच वाद झाला की हे विश्वासाने येत आहेत की भाकरीसाठी. प्रश्न खोटा नव्हता, पण अपुरा होता. ज्या माणसाला गावात सरळ चालता येत नव्हते त्याच्या दृष्टीने भाकरी, शाळा, मान आणि देव या चार वेगवेगळ्या मागण्या नव्हत्या.

या समाजाचा इतिहास वाचायचा तर बाप्तिस्म्याची नोंदवही उघडावी लागते. तिच्यात रकाने असतात: नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, बापाचा धंदा, संस्काराची तारीख, देणाऱ्याची सही. कॅथलिक नोंदवहीत धर्मपिता-धर्ममाता यांची नावे येतात आणि समासात पुढे दृढीकरण, विवाह यांच्याही नोंदी होतात. हे रकाने सावकाश वाचावेत. बापाच्या धंद्याच्या रकान्यात ‘मजूर’च्या जागी ‘मास्तर’ कधी येऊ लागले? बापाचे नाव जुने आणि मुलाचे शास्त्रातले, की दोन्ही जुनीच? साक्षीदार म्हणून कोणत्या घरांची नावे पुन्हापुन्हा येतात? वसईत पोर्तुगीज आडनावे रुजली, पण नारायण वामन टिळकांनी नाव बदलले नाही, बाबा पदमनजींनीही नाही. नोंदवहीतली एक ओळ म्हणजे एका कुटुंबाने काय ठेवले आणि काय सोडले याचा पंचनामा असतो.

खेड्यातला ‘मास्तर’ हा या इतिहासाचा दुर्लक्षित नायक. आठवडाभर शाळा, रविवारी उपासना, रात्री अर्ज-पत्रे लिहून देणे, आजाऱ्याशेजारी बसणे, सावकाराकडे मध्यस्थी असे त्याचे काम. त्याच्या जोडीला बायबल-बाया. जिथे पुरुष उपदेशकाला दारही उघडले नसते तिथे त्या माजघरापर्यंत जात, वाचायला शिकवत, शास्त्र वाचून दाखवत. पगार तुटपुंजा, आणि अहवालात बऱ्याचदा नावही नाही.

आणि कीर्तन. नगरच्या अमेरिकन मिशनमधल्या मराठी ख्रिस्ती लोकांनी १८६० च्या दशकात ख्रिस्तकथेचे कीर्तन सुरू केले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव त्यात अग्रभागी. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, साकी, दिंडी हा सगळा बाज गावकऱ्यांच्या ओळखीचा, कथा तेवढी नवी. काही परदेशी मिशनऱ्यांना आरंभी शंका वाटली, पण प्रवचनाला न थांबणारे लोक कीर्तनाला रात्र रात्र बसतात हे दिसल्यावर ती विरली. पुढे टिळकांनी अभंग आणि पदांतून हीच वाट रुंद केली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची स्पष्ट भूमिका होती. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून त्यांची पदे आजही रविवारी गायली जातात. मराठी ख्रिस्ती माणूस धर्मशास्त्र शिकला ते बहुतांशी गळ्याने, हे लक्षात ठेवून त्या संग्रहाचा अभ्यास व्हायला हवा.

साक्षीची ही वाट मराठी मुलखाबाहेरही गेली. नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या वस्तीत, अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले आणून ठेवली जात. तिथे ती शिकली, धंदे शिकली, बाप्तिस्मा घेतला. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७३-७४ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता. पुढे मोंबासाजवळ फ्रीअर टाउन वसले तेव्हा तिथल्या पहिल्या शिक्षकांत आणि उपदेशकांत नाशिकला वाढलेली माणसे होती. पूर्व आफ्रिकेच्या चर्चच्या इतिहासात नाशिक हे नाव येते. मराठी वाचकाला मात्र शरणपूर हा बहुधा एका रस्त्यापुरताच ठाऊक.

बाप्तिस्मा आणि साक्ष यांचे नाते सर्वांत धीटपणे तपासले ते टिळकांनी, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताचे अनुयायी म्हणवणाऱ्या सर्वांना त्यात प्रवेश होता, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. चर्चच्या दृष्टीने हे दाराची चौकटच काढून टाकण्यासारखे होते. टिळकांना बाप्तिस्मा नको होता असे नाही. मराठी समाजात त्याचा अर्थ ‘आपल्यातून उठून त्यांच्यात गेला’ असा झाला होता आणि तो अर्थ त्यांना मोडायचा होता. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि प्रयोग अर्धाच राहिला. पण बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताला मानणाऱ्यांचे काय, हा त्यांनी विचारलेला प्रश्न आज जगभरच्या मिशनशास्त्रात मोठ्या गांभीर्याने चर्चिला जातो. त्या चर्चेत साताऱ्याचा उल्लेख व्हायला हवा.

कॅथलिक बाजूला मोठे वळण आले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. १९६५ च्या नोव्हेंबरात परिषदेने प्रापंचिकांच्या कार्याविषयी स्वतंत्र आज्ञापत्र काढले. सुवार्ता पोचवण्याचा अधिकार आणि कर्तव्य हे धर्मगुरूंनी वाटून दिलेले काम नसून बाप्तिस्मा आणि दृढीकरण यांतूनच प्रत्येकाला मिळालेले आहे, असे त्यात ठरले. उपासना लोकभाषेत आली, प्रापंचिक पुढे आले. वसईत याचे रूप पाहता येते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून आणि हरित वसईच्या चळवळीतून दाखवले की गावाचे पाणी, झाडे आणि जमीन यांसाठी शेजाऱ्यांबरोबर उभे राहणे हीही साक्ष आहे. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या निवडीला विरोध झाला, धमक्याही आल्या. ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा प्रतिनिधी कसा, या प्रश्नाची मुळे आपण वर पाहिलेल्या दोन रेषांतच आहेत.

वर्तमान विसरून हा विषय शिकता येत नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. १९७७ साली रेव्ह. स्टॅनिस्लॉस प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. सांगणे आणि वळवणे यांतली ही फारकत कागदावर स्पष्ट आहे, गावात ती तितकी स्पष्ट राहत नाही. दुसरीकडे १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या प्रवर्गाच्या सवलती मिळत नाहीत. त्यामुळे अनेक घरांत विश्वास एक आणि दाखल्यावरचा धर्म दुसरा अशी स्थिती आहे. तिला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अभ्यासकाने तिच्यामागची कोंडी समजून घ्यावी.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, एका बाजूचे कागद वाचून थांबू नका. मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक वाचलेत तर त्याला उत्तर देणारी विष्णुबुवा ब्रह्मचारींची बाजूही वाचा. मिशनचे अहवाल वाचलात तर त्यातल्या माणसांच्या नातलगांनी काय सोसले हेही शोधा. अहवाल देणग्यांसाठी लिहिले जात आणि निषेधपत्रे जातीच्या दबावाखाली. दोन्ही जपून वाचावी लागतात. दुसरी सूचना, श्रद्धेला निव्वळ अन्य कशाचे तरी सोंग समजू नका. आर्थिक, सामाजिक कारणे शोधावीतच. पण माणूस जेव्हा म्हणतो की मला ख्रिस्त भेटला, तेव्हा ते विधानही पुराव्याचा भाग असते. तुम्ही स्वतः श्रद्धावान असाल तर आपल्या पूर्वजांच्या चुका लिहिण्याचे धैर्य ठेवा, आणि नसाल तर त्यांच्या प्रार्थनेला हसू नका.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल तर ‘स्मृतिचित्रे’ घ्या, मग बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’, मग रमाबाईंचा पत्रव्यवहार. त्यानंतर पुस्तके मिटून जवळच्या मंडळीत जा. पाळकांची किंवा फादरांची परवानगी घेऊन जुनी नोंदवही पाहा आणि तिच्यात ज्यांच्या आजोबांची नावे आहेत त्यांच्याशी बोला. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मास्तरांच्या आणि बायबल-बायांच्या आठवणी सांगणारी पिढी आता फार म्हातारी झाली आहे, आणि कित्येक नोंदवह्यांची पाने वाळवीने आणि दमटपणाने चालली आहेत. प्रबंधाचा विषय ठरण्याची वाट न पाहता हे काम यंदाच हाती घ्या.